सीट उघडलीच नाही तर

मंगळवारी सकाळी दाढी करता करता जोडपत्र्यांच्या मनात एक प्रश्न आला आणि त्यांचा हात थांबला. एक गाल साफ आणि एक गाल साबणाचा, अशा अवस्थेत ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, मी काय म्हणतो, समजा सीट उघडलीच नाही तर?"

"कुठली सीट?" बायकोने चहा गाळता गाळता विचारलं.

"मोटरसायकलची."

"मग बंद सीटवर बसा. उघड्या सीटवर नाहीतरी कोण बसतं?"

या उत्तरात चूक काढायला जागा नव्हती, आणि तेच जोडपत्र्यांना लागलं. ते तसेच परत आरशासमोर गेले आणि उरलेला गाल त्यांनी दोन ठिकाणी कापून घेतला.

जोडपत्रे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव बँकेला ठाऊक आहे. पाणीपुरवठा खात्याच्या दप्तरखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद एकटा बाहेर गेला नाही. प्रत्येक पत्रासोबत जोडपत्र. एकदा तर आजारपणाच्या रजेच्या अर्जाला त्यांनी स्वतःच्या तापाचा आलेख जोडला होता. तेव्हापासून साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना जोडपत्रे म्हणू लागले, आणि निवृत्त होताना सत्काराच्या ताटलीवरही तेच कोरलं गेलं. ताटली परत करता येत नाही म्हणून त्यांनी नावही ठेवून घेतलं.

या माणसाचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: ज्याचं त्याच्यापाशी. पंपाचे कागद पंपाच्या खोलीत, टाकीचे टाकीखालच्या कपाटात. शोधायला गेलेल्या माणसाला वस्तू आणि तिचे कागद एकाच जागी मिळाले पाहिजेत. घरीसुद्धा मिक्सरची हमीपत्रिका मिक्सरच्या पोटाला चिकटवलेली असे आणि ती चटणीने भरली तरी तिथून हलत नसे. याच तत्त्वाने मोटरसायकलचं सगळं मोटरसायकलच्या सीटखाली गेलं होतं: कागदपत्रं, विम्याची प्रत, नट आवळायचे पाने, जादा फ्यूज, आणि सीट उघडायची जादा किल्ली.

"किल्ली सीटखाली?" बायकोने एकदा विचारलं होतं.

"मग? गाडीची किल्ली गाडीपाशी नाही ठेवायची तर काय शेजाऱ्यांपाशी ठेवायची?"

तेव्हा हा संवाद तिथेच संपला होता. पण आता त्या मंगळवारी जोडपत्र्यांनी माहितीपुस्तिका काढली. एकशे चौऱ्याण्णवाव्या पानावर लिहिलं होतं की सीट उघडत नसल्यास जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा. सेवा केंद्रांचे पत्ते सीटच्या खालच्या बाजूस चिकटवलेले आहेत. हे वाक्य लिहिणारा माणूस आपल्याच खात्यातला असावा असं त्यांना वाटलं, आणि त्याच्याबद्दल थोडी आपुलकीही वाटली. काळजी मात्र दुप्पट झाली.

ही काळजी नुसती हौसेची नव्हती. निवृत्तीनंतर आठव्या दिवशी जोडपत्र्यांनी ही गाडी आणली होती. सेकंडहँड, पण लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पेट्या आणि पुढे वारा अडवायची काच असलेली अवजड मोटरसायकल. बायकोला न विचारता आणली होती. बायकोने आदळआपट केली नाही, आवाज चढवला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे अट घातली.

"एकदा बसेन. लग्नाच्या वर्षी तुम्ही मला ते समुद्रावरचं दीपगृह दाखवणार होतात. तिथे न्या, आणि याच गाडीवरून घरी परत आणा. वाटेत बंद पडून मला बसने यावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या भावाच्या दारात."

भावाचा, म्हणजे जोडपत्र्यांच्या मेव्हण्याचा, गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा होता. माणूस गोड, वागायला प्रेमळ. रोज संध्याकाळी न चुकता फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय भावजी, काय म्हणते आपली गाडी?" त्यातल्या 'आपली'मुळे जोडपत्र्यांचं जेवण कमी झालं होतं.

तेव्हा सीट उघडली नाही, तर फ्यूज बदलता येणार नाही. फ्यूज बदलता आला नाही, तर गाडी सुरू होणार नाही. गाडी सुरू झाली नाही, तर बस. आणि बस म्हणजे मेव्हणा. हे सगळं एका कागदावर बाणांनी जोडून झाल्यावर जोडपत्र्यांनी निर्णय घेतला की सीटला एक आपत्कालीन व्यवस्था पाहिजे.

कल्पना सोपी होती. सीटच्या मागच्या टोकाखाली एक खटका असतो. बाजूच्या लॉकमध्ये किल्ली फिरवली की आतली केबल तो खटका ओढते आणि सीट सुटते. केबल तुटली की संपलं. म्हणून त्या खटक्याला दुसरं काहीतरी बांधायचं, ते मडगार्डमधून खाली आणायचं आणि नंबरप्लेटच्या मागे लपवायचं. वेळ आली की ओढायचं. शहाण्या माणसाने हे एका दुपारी, दार लावून, कोणालाही न सांगता केलं असतं. जोडपत्र्यांनी ते आवारात, रविवारी सकाळी सुरू केलं.

पहिले खाली आले वरच्या मजल्यावरचे कप्तान. कप्तानांनी पस्तीस वर्षं एका जहाज कंपनीच्या कचेरीत काढली होती. त्यातला एकही दिवस जहाजावर गेला नव्हता, पण बोलताना ते पाय फाकवून उभे राहत.

"दोरी आणा," कप्तान म्हणाले. "आणि गाठ मला मारू द्या. आमच्या लाइनीत सगळं गाठीवर असतं. ही गाठ अशी आहे की जितकी ओढाल तितकी घट्ट बसेल."

गाठ तशीच निघाली. ओढली की घट्ट बसायची, खटक्यालाही घट्ट धरून ठेवायची, आणि खटका तसूभरही हलायचा नाही. मग ती सुटेचना. शेवटी दाढीच्या पात्याने कापावी लागली. कप्तान म्हणाले की दोष गाठीचा नाही, दोरी जमिनीवरची आहे.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या बाई आल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावला, खटका पाहिला, जोडपत्र्यांनी काढलेली आकृतीही पाहिली. "घर्षण कुठे आहे यात?" त्यांनी विचारलं. जोडपत्रे म्हणाले, "बाई, ते असेल आत कुठेतरी." "असेल म्हणजे? दाखवायला नको?" असं म्हणून त्यांनी आकृतीच्या कोपऱ्यात दहापैकी चार गुण लिहिले आणि त्या निघून गेल्या. आयुष्यात कोणी जोडपत्र्यांच्या कागदावर असा शेरा मारला नव्हता. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि दिवसभर मधूनमधून काढून पाहिला.

मग ते सायकलवाल्याकडे गेले. सायकलवाला पंक्चर काढत होता. जोडपत्र्यांनी त्याला सगळं सांगितलं: खटका, केबल, फ्यूज, दीपगृह, मेव्हणा. वीस मिनिटं झाली. सायकलवाल्याने मान वर न करता विचारलं, "म्हणजे ब्रेकची तार हवीय ना?"

"तसं नाही, आधी तुम्ही नीट समजून घ्या."

"समजलं. ब्रेकचीच तार."

तार मिळाली. शिवाय ओढायला एक कडी मिळाली, फुकट. आता मडगार्डला छिद्र पाडायचं होतं. जोडपत्र्यांनी तीनदा माप घेतलं, खडूने खूण केली आणि ड्रिल चालवलं. छिद्र अगदी खुणेवर पडलं. फक्त ते मडगार्डपाशी थांबलं नाही, पलीकडे टायरमध्येही पडलं. टायरमधली हवा गेल्याचा आवाज कप्तानांनी दुसऱ्या मजल्यावरून ओळखला. गाडी ढकलत पुन्हा सायकलवाल्याकडे न्यावी लागली. त्याने टायर पाहिलं, जोडपत्र्यांकडे पाहिलं आणि तो काही बोलला नाही. त्याने काहीतरी बोलायला हवं होतं असं जोडपत्रे आजही म्हणतात.

पुढच्या रविवारी तार बसली. जोडपत्र्यांनी सीट बंद केली, नंबरप्लेटमागे हात घातला, देवाचं नाव घेतलं आणि कडी ओढली. काही झालं नाही. दोन्ही हातांनी ओढली. पाय टेकवून ओढली. गाडी थोडी मागे आली.

"वरून दाबा की जरा!" गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकोचा आवाज आला. "घट्ट डब्याचं झाकण काढताना वरून दाबत नाही का आपण?"

"अगं, हा डबा नाही!" जोडपत्रे खालून म्हणाले. "यात घर्षण असतं!"

पाच मिनिटं त्यांनी आवारात कोणी बघत नाही ना याचा अंदाज घेतला. मग एका हाताने सीट दाबून दुसऱ्या हाताने कडी ओढली. खट् आवाज आला आणि सीट वर आली.

"उघडली का?" वरून विचारणा झाली.

"हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं," जोडपत्रे म्हणाले. बायकोने चादर झटकली आणि ती आत गेली.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण एकतीस वर्षांची सवय. कुठलीही व्यवस्था सूचनेशिवाय अपुरी असते, म्हणून जोडपत्र्यांनी नंबरप्लेटच्या वर एक सुबक पट्टी चिकटवली: 'आपत्कालीन कडी. विनाकारण ओढू नये.' खाली बाण.

जी कडी कोणाला दिसली नसती, ती आता सगळ्यांना दिसली. माणसाला विनाकारण ओढू नये असं सांगितलं की त्याच्या हाताला खाज सुटते. कप्तान पाहुण्यांना खाली आणून ती ओढून दाखवू लागले. एका पाहुण्याने सीट दाबायची आणि कप्तानांनी ओढायची. पेपरवाल्याने ओढली. इस्त्रीवाल्याने ओढली. बाईंनी दोनदा ओढली आणि मग गुण वाढवून सहा केले. उघडलेली सीट परत बसवताना मात्र प्रत्येक जण वरून नुसता थोपटून जायचा.

याचा परिणाम बुधवारी अकरा वाजता जोडपत्र्यांच्या जुन्या कचेरीच्या फाटकासमोर झाला. तिथे गतिरोधक आहे. तो व्हावा म्हणून जोडपत्र्यांनीच सात वर्षं पत्रव्यवहार केला होता. गाडी त्यावरून गेली, सीट वर आली आणि सीटबरोबर जोडपत्रेही वर गेले. ते खाली आले तेव्हा सीट मागे रस्त्यावर पडली होती, आणि ते बॅटरीवर बसले होते. तशाच अवस्थेत गाडी त्यांनी कशीबशी कडेला घेतली. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी धावत आला. त्याने सीट दोन्ही हातांनी उचलली, धूळ पुसली आणि आदराने पुढे केली.

"साहेब, तुमची खुर्ची राहिली."

आतल्या खिडक्यांमध्ये पूर्ण दप्तरखाना उभा होता. निवृत्तीच्या दिवशी इतके लोक जमले नव्हते.

पट्टी त्या दिवशीच निघाली. पण जोडपत्र्यांच्या मनात शंकेने घर केलं. आता ते दिवसातून दहा-बारा वेळा सीट तपासू लागले. किल्लीने उघड, बंद कर, कडीने उघड, बंद कर. सकाळी दूध घ्यायला गेले की एकदा, जेवण झालं की दोनदा. आधीच्या मालकाने अकरा वर्षं जे लॉक महिन्यातून एकदा उघडलं असेल, ते जोडपत्र्यांनी दोन महिन्यांत पाच-सातशे वेळा फिरवलं. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

दरम्यान गाडी नावावर करून घ्यायची होती, त्यासाठी तपासणी होती. तपासणीच्या मैदानात अडीच तास रांगेत उभं राहिल्यावर तपासनीस आला. बारीक, चष्म्याचा, हातात कागद अडकवलेली पाटी. तो गाडीभोवती फिरला आणि मागे वाकला.

"हे काय लोंबतंय?"

"आपत्कालीन व्यवस्था आहे साहेब. सीट उघडली नाही तर."

"कंपनीच्या आराखड्यात आहे?"

"नाही. पण मी सविस्तर टिपण आणलंय." जोडपत्र्यांनी फाइल काढली. टिपणाला तीन जोडपत्रं होती.

आणि मग जे घडलं ते जोडपत्र्यांच्या आयुष्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं. तपासनीसाने टिपण वाचलं. मग जोडपत्र एक वाचलं. मग दोन. उन्हात उभं राहून, एकेका ओळीवर बोट ठेवून. एकतीस वर्षांत जोडपत्र्यांचं जोडपत्र शेवटपर्यंत वाचणारा हा पहिला माणूस. त्यांना भरून आलं. आपल्या गाडीचं काय होईल ते होवो, पण हा माणूस सुखी राहो, असं त्यांना मनापासून वाटलं.

"जोडपत्र तीनमध्ये म्हटलंय की तपशिलासाठी जोडपत्र चार पाहा," तपासनीस म्हणाला. "चार कुठाय?"

जोडपत्र्यांनी फाइल चाळली. पुन्हा चाळली. चार नव्हतं. हाच प्रश्न विचारून त्यांनी शेकडो लोकांना परत पाठवलं होतं. हा प्रश्न समोरून ऐकायला कसा वाटतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"तार काढा," तपासनीसाने पाटीवर लिहायला घेतलं. "काढलेला भाग लिफाफ्यात घालून वाहनासोबत ठेवा. फेरतपासणीत मागितला जाईल."

"आणि साहेब, मडगार्डला छिद्र आहे त्याचं?"

तपासनीसाने छिद्रात बोट घालून पाहिलं. "छिद्राला हरकत नाही. ते काढता येत नाही."

घरी येऊन जोडपत्र्यांनी तार काढली. तिची वेटोळी करून लिफाफ्यात घातली, त्यावर सुवाच्य अक्षरात 'आपत्कालीन प्रसंगी उघडावा' असं लिहिलं, आणि हुकूम होता त्याप्रमाणे, शिवाय स्वतःचं तत्त्वही होतं त्याप्रमाणे, लिफाफा वाहनासोबत ठेवला. म्हणजे सीटखाली. त्या संध्याकाळी ते गॅलरीत गप्प बसून राहिले. मेव्हण्याचा फोन आला तोही त्यांनी घेतला नाही. बायको दोनदा बाहेर येऊन बघून गेली.

दीपगृहाला निघायच्या आदल्या दिवशी बायकोने गाडी भरायचं काम स्वतःकडे घेतलं. "तुम्ही वर थांबा. तुमची तपासणी सुरू झाली की सामान राहील बाजूला." ती खाली बराच वेळ होती. तेवढ्या वेळात जोडपत्र्यांना एक वेगळीच अडचण आली. वाळत घातलेला त्यांचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा त्यांनी चढवला, तर त्याला नाडीच नव्हती.

"अगं, नाडी कुठाय?"

"धुण्यात गेली असेल," बायको वर येता येता म्हणाली. "आजचा दिवस पिन लावा."

पिन रात्री दोनदा सुटली. तिचा उपद्रव कुठे झाला ते जोडपत्र्यांनी कोणाला सांगितलं नाही.

सकाळी सातला ते निघाले. निघण्याआधी जोडपत्र्यांनी सीट उघडून पाहिली. मागच्या टोकाला, खटक्यापाशी, बायकोने आपली शाल आणि औषधांची पिशवी कोंबली होती. "हात लावू नका, माझं सामान आहे ते," ती म्हणाली. लिफाफा वर दिसत होता. जोडपत्र्यांचं समाधान झालं आणि त्यांनी सीट बंद केली. पेट्रोलपंपावर पुन्हा एकदा उघडून पाहिली.

पहिले वीस किलोमीटर बायको मागच्या हँडलला धरून ताठ बसली होती. चाळीस झाल्यावर तिने एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. साठ झाल्यावर ती काहीतरी गुणगुणतेय असं त्यांना वाटलं, पण हेल्मेटमुळे खात्री होईना आणि विचारायची हिंमत झाली नाही. दीपगृह आलं. एकशे सत्तर पायऱ्या ते दोघं थांबत थांबत चढले. वर बायको कठड्याला धरून कितीतरी वेळ समुद्र बघत राहिली. "बरंच मोठं आहे हो," एवढंच ती म्हणाली. चौतीस वर्षं उशीर झाल्याबद्दल काही बोलली नाही, आणि त्यामुळेच जोडपत्र्यांना फार अपराधी वाटलं.

खाली आले. पोचल्याचं भावाला कळवावं म्हणून बायकोने मोबाइल चार्जरला लावला. हा चार्जर मेव्हण्याने भेट दिला होता आणि गाडीला तो जोडला होता स्वतः जोडपत्र्यांनी. बारीकसा चर्र आवाज झाला. त्यांनी स्टार्टरचं बटण दाबलं. गाडी मेल्यासारखी गप्प. दिवा नाही, हॉर्न नाही.

"फ्यूज," जोडपत्रे म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, उलट थोडा आनंद होता. फ्यूज सीटखाली होता, आणि किल्ली हातात. त्यांनी लॉकमध्ये किल्ली घातली आणि फिरवली. आत टक् झालं. त्यानंतर किल्ली सैल फिरू लागली, एक वेढा, दोन वेढे. पाच-सातशे वेळा ओढली गेलेली केबल तुटली होती.

ज्या दिवसासाठी जोडपत्रे दोन महिने झटले होते, तो दिवस आला होता. ते वाळूत आडवे झाले, मडगार्डखाली डोकं घातलं आणि मग त्यांना सगळं आठवलं. ते तसेच पडून राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. बघतोय."

दहा मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. मग वीस मिनिटांनी ती जवळ येऊन उकिडवी बसली.

"तुमची ती तार कुठाय?"

"लिफाफ्यात."

"आणि लिफाफा?"

लाटांचा आवाज येत होता. जोडपत्र्यांनी मडगार्डखालून डोकं बाहेर काढलं.

"सीटखाली," ते म्हणाले.

बायकोने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले ते काही तिला आवरेनात. लग्नानंतर इतकी हसलेली जोडपत्र्यांनी तिला पाहिली नव्हती, आणि अशा प्रसंगी पाहावी लागेल अशी अपेक्षाही नव्हती.

तेवढ्यात वळणावर बस आली. कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. "येताय का? आजची ही शेवटची. यानंतर काही नाही."

जोडपत्रे उठले. केसांत वाळू, शर्टला ऑइल. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग बसकडे पाहिलं.

"तू जा," ते म्हणाले. "अट ती अट. मी करतो काहीतरी आणि येतो मागाहून. भावाला सांग, उद्या घेऊन जा म्हणावं." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फाटला. नशीब, बसचं इंजिन चालू होतं.

बायको बसकडे दोन पावलं गेली. मग थांबली.

"नाही हो," ती कंडक्टरला म्हणाली. "आमची गाडी आहे."

बस गेली. धूळ खाली बसली.

"अगं, असं काय केलंस? आता कशाने जायचं? सीट उघडत नाही!"

"वर बसा."

"काय?"

"सीटवर बसा म्हणते ना. चांगले जड होऊन बसा."

जोडपत्रे काही न कळून सीटवर बसले. बायको मागे वाकली, नंबरप्लेटच्या मागे दोन बोटं घातली आणि त्या निरुपयोगी छिद्रातून आणून प्लेटमागे खोचलेलं एक पांढरं टोक तिने बाहेर काढलं. हाताला एक वेढा घेतला आणि ओढलं. खट् झालं. जोडपत्रे उतरले तशी सीट वर आली. शाल बाजूला केल्यावर खटक्याला बांधलेलं दुसरं टोक दिसलं.

जोडपत्र्यांनी वाकून ते निरखलं.

"ही तर माझ्या पायजम्याची नाडी!"

"मग? बाहेरच्यांची आणू?"

"कधी बांधलीस?"

"काल. त्या साहेबाने तार काढायला लावली त्या दिवशी गॅलरीत बसला होतात ना, ते तोंड बघवेना मला. आणि मला काय हौस आहे बसने परत यायची? उलटी होते मला बसमध्ये." ती शालीची घडी करत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. "भावाला गाडी कशाला? तो समुद्राला पाठ करून झोपणारा माणूस."

"मग आधी नाही का सांगायचं? अर्धा तास मी वाळूत लोळतोय!"

"तुम्ही विचारलंत का?" बायको म्हणाली. "दोन महिने कप्तानांना विचारलंत, बाईंना विचारलंत, त्या सायकलवाल्याला जाऊन विचारलंत. घरात एक माणूस आहे, त्याला त्या दाढीच्या सकाळनंतर पुन्हा विचारलंत? गाडी आणली तेव्हाही नाही विचारलं."

यावर जोडपत्र्यांपाशी टिपणही नव्हतं आणि जोडपत्रही. त्यांनी चार्जर उपटून खिशात घातला, फ्यूज बदलला, हात पुसले. मग बऱ्याच वेळाने, गाडी सुरू करण्याआधी, ते मागे न बघता म्हणाले, "परत कुठल्या रस्त्याने जाऊ या? आतल्या की समुद्राच्या?"

"समुद्राच्या," बायको म्हणाली.

संध्याकाळी उजेड असतानाच ते घरी पोचले. फोन वाजत होता. तो बायकोने उचलला, आणि "काय म्हणते आपली गाडी?" एवढं ऐकून म्हणाली, "आमची गाडी बरी आहे. पुढच्या महिन्यात डोंगरावर जाणार आहोत." मग तिने फोन ठेवला.

ब्रेकच्या तारेचा लिफाफा आता घरात कपाटात असतो, जादा किल्लीही. लॉकला नवी केबल बसली आहे आणि जोडपत्रे तिला दिवसातून एकदाच हात लावतात. कप्तानांनी नाडीची गाठ पाहिली आणि ही जहाजावरचीच गाठ आहे असं जाहीर केलं. बाईंनी दहापैकी दहा गुण दिले, पण ते बायकोच्या नावावर. फेरतपासणीला गाडी नेली तेव्हा तपासनीसाने मागे वाकून पाहिलं, नाडीच्या टोकाला हात लावला, पाटीवर काय लिहावं ते त्याला सुचेना, आणि त्याने सही केली.

निळ्या पट्ट्यांचा पायजमा मात्र अजून तसाच आहे. सकाळी दूध घ्यायला जोडपत्रे दारात येतात ते एका हाताने पायजमा धरून. गाडीची ती नाडी काढून दुसरी दोरी बांधा आणि ही परत घ्या, असं बायकोने दोनदा सुचवून पाहिलं. ते ऐकत नाहीत. म्हणतात, "असू दे. ज्याचं त्याच्यापाशी."